‘नदी कुठंय?’ विचारणारा डच मित्र

कंपनीच्या कामासाठी परदेशी गेलेला माणूस येताना चॉकलेटं आणतो, फोटो आणतो. मी २०१६ साली नेदरलँड्सहून येताना एक मैत्री घेऊन आलो, आणि ती आजही टिकून आहे. तिच्याबद्दल इथं लिहितोय, कारण तिचा आपल्या खडकवासल्याशी आणि सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या प्रत्येकाशी संबंध आहे.

काम साधं होतं. आमच्या धायरीच्या वर्कशॉपमध्ये पाण्याच्या लाइनचे व्हॉल्व्ह बनतात. एका ऑर्डरसाठी बारा दिवस रॉटरडॅमजवळ मुक्काम होता. पहिल्याच मीटिंगमध्ये ‘पुण्याजवळून आलोय’ म्हणालो, तर समोरचा इंजिनिअर म्हणतो, “म्हणजे खडकवासला?” मी उडालोच! पाण्याचं शास्त्र शिकताना आपल्या संशोधन केंद्राचं नाव त्याच्या वाचनात आलं होतं. सीडब्ल्यूपीआरएसची सुरुवात १९१६ ची. तिथं काम केलेल्या क्लॉड इंग्लिस यांनी पुढं इंग्लंडात वॉलिंगफर्डची प्रयोगशाळा उभी केली. ज्या गेटासमोरून आपण रोज पीएमटीनं जातो, त्याला तिकडची माणसं ओळखतात.

शनिवारी सुट्टी होती. तो मला झीलंड प्रांतात त्याच्या आईकडं घेऊन गेला. पाहुणचार डच पद्धतीचा: कॉफी आणि तिच्याबरोबर एकच बिस्किट, डबा लगेच बंद! पण गप्पांना मात्र मोजमाप नव्हतं. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्र बांध फोडून आत आला, तेव्हा आजी दहा वर्षांच्या होत्या. त्या पुरात देशात १,८३६ माणसं गेली. त्यांच्या घरच्यांनी रात्र माळ्यावर काढली होती. मग मी वडिलांकडून ऐकलेला १२ जुलै १९६१ सांगितला. अर्धवट बांधलेलं पानशेत सकाळी फुटलं, ते पाणी खडकवासल्यात आलं, दुपारी आपलं जुनं दगडी धरणही गेलं आणि पेठा बुडाल्या. वडील तेव्हा शाळकरी पोरगं, गावकऱ्यांबरोबर टेकडीवर जाऊन बसलेले. मुलगा आमच्या दोघांमध्ये भाषांतर करत होता, पण मधेमधे त्याची गरजच पडत नव्हती.

शेवटी आजींनी विचारलं, “तुमच्याकडं त्या दिवशी काय करतात?”

पेपरात लेख येतो, जुने फोटो फिरतात, असं मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला औवरकर्कचं पूर-संग्रहालय दाखवायला लावलं. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये शेवटचं भगदाड ज्या चार प्रचंड काँक्रीटच्या पेट्या टाकून बुजवलं, त्या पेट्यांच्या आतच ते संग्रहालय आहे. जिथं पाणी घुसलं, तीच जागा त्यांनी आठवणीसाठी राखली.

त्यांची मोठमोठी दारं, ९ किलोमीटर लांबीचा ऑस्टरशेल्डचा अडसर, हे सगळं बघून थक्क व्हायला होतंच. पण मनात घर केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. देशाचा साधारण चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली. त्यामुळं पाण्याचा कारभार बघायला तिथं वेगळी मंडळं आहेत, काहींची मुळं तेराव्या शतकातली. आज अशी २१ मंडळं आहेत. दर चार वर्षांनी त्यांची निवडणूक होते आणि त्यांचा कर घरोघरी वेगळा येतो. ही पाणी मिळण्याची पट्टी नव्हे बरं का, पाण्यापासून वाचण्याची पट्टी! लोक तिच्या नावानं खडे फोडतात, पण भरतात. आणि आपलं घर समुद्रसपाटीपासून किती मीटर वर किंवा खाली आहे, हे माझ्या मित्राच्या शेजारच्या दुकानदारालाही तोंडपाठ होतं.

पुढं एका जानेवारीत मित्र बायकोला घेऊन आपल्याकडं आला. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही झालं, चौपाटीवर कणीस झालं. मग धरणाच्या खालच्या अंगाला उभा राहून त्यानं विचारलं, “नदी कुठंय?” मी बोट दाखवलं. झुडपं, दगड, प्लास्टिक आणि मधे पाण्याची रेघ. पाणी तर कालव्यानं आणि बंद पाइपनं शहराकडं गेलेलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “आठ महिने नदी दिसलीच नाही, तर लोक तिला विसरणारच.”

त्याचं हे वाक्य मला २५ जुलै २०२४ ला आठवलं. त्या दिवशी धरणातून ३५ हजार क्युसेकच्या वर विसर्ग झाला आणि एकतानगरीत पाणी शिरलं. बोटी आल्या, लष्कर आलं. बातमी कळताच पहिला मेसेज त्याचाच होता: “सगळे वर आहात ना?” जुलै २०२१ मध्ये त्यांच्या लिम्बर्ग प्रांतात नद्या फुगल्या, व्हाल्केनबर्ग गावात पाणी घुसलं, तेव्हा मीही हेच विचारलं होतं. पाणी त्यांनाही चुकलेलं नाही. पण नेदरलँड्समध्ये त्या पुरानं एकाही माणसाचा जीव गेला नाही.

निवडून आलेलं पाणी-मंडळ आपल्याकडं उद्या होणार नाही, मला माहीत आहे. पूररेषा, राडारोडा, नदीपात्रातली बांधकामं यांवर भांडत राहावं लागेलच. पण एक काम आपल्या हातातलं आहे. पावसाळ्यात रोज व्हॉट्सॲपवर येतं, ‘खडकवासल्यातून इतके क्युसेक सोडले’. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे ३५ हजार क्युसेक झाले सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर! पण किती क्युसेकला माझ्या पार्किंगमध्ये पाणी येतं, हे किती जणांना सांगता येईल?

ज्या सोसायटीत २०२४ मध्ये पाणी आलं, तिथं गेटच्या भिंतीवर त्या उंचीला एक जाड रेघ ओढा. शेजारी तारीख आणि क्युसेकचा आकडा लिहा. फ्लॅटचा भाव पडेल म्हणून ती पुसू नका. नवीन भाडेकरूला, वॉचमनला, पोरांना ती दाखवा. खर्च एका रंगाच्या डब्याचा.

कुणी आधीच अशी रेघ ओढली असेल तर फोटो पाठवा. झीलंडच्या आजींना दाखवायचाय. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं राहिलंय.