भूत साहेबाचे, नकाशा वैद्यांचा

मुंबईचे ताजमहाल हॉटेल झपाटलेले आहे, ही गोष्ट आमच्या चिकलठाण्याच्या एमआयडीसीतही पोहोचलेली आहे. रात्रपाळीच्या चहाला ती कोणीतरी हमखास काढतो. एका इंग्रज साहेबाने हॉटेलचा नकाशा काढला आणि तो सुट्टीवर विलायतेला गेला. परत येऊन पाहतो तर इमारत उलटी बांधलेली! तोंड शहराकडे, पाठ समुद्राकडे. साहेबाने वरच्या मजल्यावरून उडी टाकली आणि तेव्हापासून त्याचा आत्मा जुन्या इमारतीत फिरतो म्हणे.

आपली पुष्कळ कुटुंबे ६ डिसेंबरला दादरला जातात. चैत्यभूमीवर अभिवादन झाले, की मुलांना गेटवे दाखवतात, ताजच्या घुमटासमोर फोटो काढतात आणि परततात. मागच्या खेपेस आम्ही एक दिवस जास्त राहिलो. भुताच्या घरी चहा घ्यायचाच, असे ठरवले होते. दादरहून लोकलने सीएसएमटी गाठले आणि तेथून चालत गेटवेला गेलो.

दाराशी तपासणी होते. ती सर्वांचीच होते. पहिल्या मजल्यावर सी लाऊंज नावाचे दालन आहे. खिडकीतून गेटवे, कबुतरे आणि समुद्रातल्या लाँची दिसतात. तेथील दर आपल्या रोजीच्या हिशोबात बसणारे नाहीत, हे आधीच सांगतो. आम्ही चौघांनी नुसता चहा मागवला आणि सावकाश प्यालो. मुलांचे लक्ष मात्र जिन्याकडे. घुमटाखालचा हा मोठा जिना पाहण्यासारखा आहे. वर पाहत राहिले, की मान दुखते. भूत काही उतरले नाही.

आता गोष्ट तपासू. आपल्या घरांत गवंडी आहेत, सेंट्रिंगवाले आहेत, बिगारी काम केलेल्या आयाबहिणी आहेत. त्यांनाच विचारा. चुन्याने आखणी होते, लाईनदोरी बांधली जाते, ओळंबा सोडला जातो, मगच पाया भरतात. एवढी मोठी इमारत उलटी उभी राहीपर्यंत कोणाच्याच लक्षात आले नाही, हे कामावरचा माणूस कधी मानील का?

इमारत उलटी नाहीच. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. तेव्हा समोर गेटवे नव्हता. तो १९२४ मध्ये खुला झाला. गाड्या शहराच्या बाजूने येत, म्हणून मुख्य दार त्या बाजूला होते. आज तेथे पोहण्याचा तलाव आहे. पुढे दार समुद्राकडे आले आणि जुनी मांडणी लोकांना चूक वाटू लागली. चुकीला गुन्हेगार हवा, म्हणून साहेब आला. साहेबाला शिक्षा हवी, म्हणून उडी आली.

आणि मूळ नकाशा साहेबाचा नव्हताच. जमशेटजी टाटांच्या या हॉटेलचे आराखडे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी तयार केले. काम चालू असतानाच १९०० मध्ये वैद्य वारले. त्यानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने काम पुरे केले. मुलांनी ज्याकडे टक लावली होती, तो जिना कंत्राटदार सोराबजी रतनजी यांची करामत मानतात. वाचकहो, गंमत पाहा. वैद्य कोणाला ठाऊक नाहीत, मिर्झा ठाऊक नाहीत. जो नकाशाचा धनी नव्हता त्या साहेबाचे भूत मात्र गावोगाव ठाऊक आहे. दगड चढवणाऱ्या हातांचे भूत तर आजवर कोणीच पाहिले नाही. अफवेलासुद्धा साहेबच लागतो.

या इमारतीत खरे मरण झाले, ते २६ ते २९ नोव्हेंबर २००८ या दिवसांत. अतिरेक्यांच्या हल्ल्यात येथे ३१ जणांचा जीव गेला. पाहुण्यांना बाहेर काढताना हॉटेलचे अनेक कर्मचारी मारले गेले. कोणी स्वयंपाकघरातले, कोणी वाढपी. आपल्यासारखीच पाळीवर आलेली माणसे. जळालेली जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडली. चहा आणून देणाऱ्याकडे पाहताना आम्हाला त्यांची आठवण झाली. त्यांना भूत म्हणायला जीभ रेटत नाही.

श्रीमंताच्या हॉटेलातले भूत करमणूक करते. तेच भूत वस्तीत आले, की घरातल्या सुनेच्या अंगात शिरते. मग भगत येतो, मिरचीची धुरी होते, दोराने बांधून मारणे होते. आजारी बाई दवाखान्याऐवजी मांत्रिकापुढे बसते. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण केल्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. शेजारी असा प्रकार दिसला, तर दार लावून घेऊ नका. पोलीस ठाण्यात कळवा.

मुलांना ताज जरूर दाखवा. आत जाणे परवडले नाही, तरी बाहेरून पाहता येतो. मात्र फोटो काढताना त्यांना वैद्य आणि मिर्झा ही दोन नावे सांगा. आमच्या धाकट्याने तर परतीच्या गाडीत विचारले, ‘आपल्या कंपनीची शेड कोणी बांधली?’ आता रात्रपाळीच्या चहाला आम्ही तोच प्रश्न काढणार आहोत.