वेताळाचा संसार

सुट्टीत नातू सिरसाळ्याला आला होता. जेवताना तावातावाने सांगत होता, "आजोबा, मेरी जेन स्पायडरमॅनला सोडून त्या पॉलबरोबर राहायला लागली!" पीटर आणि मेरी जेनचं १९८७ साली झालेलं लग्न लेखकांनी २००७ मध्ये सैतानाशी सौदा करवून पुसून टाकलं आणि २०२२ मध्ये हा पॉल मध्ये आणून बसवला. पोरगं खरंच चिडलं होतं.

मला इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवला. बाकाखाली वाचणाऱ्या पोरांकडून मी ती पुस्तकं जप्त करायचो आणि घरी नेऊन (आता कबूल करायला हरकत नाही) आधी मीच वाचायचो. १९३६ साली सुरू झालेल्या या कथेत ली फॉक यांनी वेताळ-डायनाचं लग्न लावलं १९७७ ला. एक्केचाळीस वर्षं! पुढे जुळी मुलं झाली, तरी गोष्टी काही आटल्या नाहीत.

सुखी जोडप्यात सांगण्यासारखं काय असतं, असं या लेखकांना वाटत असावं. हिला जाऊन चार वर्षं झाली. आमच्यात तिसरं कुणी कधी आलं नाही. पण सुरुवातीची काही वर्षं बदलीमुळे मी दुसऱ्या गावी, ही इथे. शनिवारची शेवटची एसटी चुकली की आठवडा गेला. एकदा अशीच चुकली, तर रात्रभर चालत आलो. दार उघडून ही आधी रडली, मग रागावली.

नातवाला हे सांगितलं. "मग?" म्हणाला. पुढची गोष्ट सांगेपर्यंत झोपून गेला होता.