काचेची जपणूक

गेल्या उन्हाळ्यांत माझा पुतण्या चार दिवस चंद्रपुरास आला होता. एके दुपारीं तो आपली ई-सिगारेट उघडून बसला. तिच्यांतील निकोटिनचा द्रव सांठविण्याची चिमुकली काचनळी त्यानें सुटी केली, कोमट पाण्यानें धुतली, मऊ फडक्यानें टिपली, रबराचीं कडीं निरखलीं. "काका, एकदम कढत पाणी घातलें कीं काच तडकते," तो म्हणाला.

हें शास्त्र मला नवें नव्हतें. मूल तालुक्यांतल्या आमच्या खेड्यांत वीज नव्हती, तेव्हां आजी रोज तिन्हीसांजेपूर्वीं कंदिलाची काच राखेनें घाशी. तापल्या काचेवर पाण्याचा थेंबहि ती पडूं देत नसे. थेंबाखालची काच आकसते, भोंवतालची फुगलेलीच राहते, आणि तडा जातो.

त्याच कंदिलाच्या उजेडांत वडील विडी ओढीत. तिचें पान आमच्याच रानांतलें, तेंदूचें. काच काजळली तर दिसते, म्हणून ती रोज पुसली जाई. वडिलांची छाती काजळत होती, तें मात्र आम्हांला खोकल्यावरून फार उशिरां कळलें.

मीं पुतण्याला म्हटलें, "२०१९ च्या कायद्यानें याच्या विक्रीस बंदी आहे ना?"

तो हंसला. "पण काका, यांत धूर कुठें आहे?"

धूर नाहीं, हें खरें. पण विडींतलें निकोटिन त्या नळींतहि होतेंच. मीं वाद घातला नाहीं. एवढेंच विचारलें, "आजोबांचा खोकला आठवतो तुला?"

त्यानें काचनळी जागच्या जागीं बसविली. पण ती वस्तु खिशांत न घालतां बराच वेळ हातांतच धरून ठेवली.