आठशे म्हणजे आठशे? नाही हो!

आमची मारुती 800, 1998 ची, कार्बोरेटरवाली. बाबांनी घेतलेली, म्हणून विकवत नाही. गेल्या महिन्यात इंजिन जाम झालं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारलं तर दुकानदार म्हणतो, "नंतरच्या मॉडेलचं एमपीएफआय टाका साहेब, तेच 796 सीसी!"

आमचे गॅरेजवाले चाचा हसले. सीसी तेच, पण त्याला ईसीएम, सेन्सर, सगळं वायरिंग आणि टाकीत प्रेशरचा पंप लागतो. आपला पंप इंजिनावरच. म्हणजे अर्धी गाडी बदला! ओम्नीचं म्हणाल तर आतून बरंच सारखं, पण ते उभं बसतं, आपलं आडवं.

ते सोडा. खरा घोळ नंबराचा. 15 वर्षं झालेल्या गाडीची दर 5 वर्षांनी पुनर्नोंदणी असते, आणि आरटीओत इंजिन नंबर आरसीशी जुळवतात. दुकानदाराकडे पक्की पावती मागितली, तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. उद्या ते चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस स्टेशनला मी जायचं!

शेवटी जुनंच बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकले. चालतेय.

कुणी भंगारातलं इंजिन रीतसर आरसीवर चढवून घेतलंय का? कागद काय काय लागले, कमेंटमध्ये नक्की लिहा.