माळ्यावरील पेटी

आमचा सदाशिव पेठेंतील वाडा पाडून तेथें नवी इमारत उठवावयाचें ठरलें, तेव्हां घरांतील प्रत्येकास आपापली अडगळ आवरण्याची आज्ञा झाली. हंडे, पाट, चौरंग यांची वांटणी दोन दिवसांत झाली. राहिली ती माझी माळ्यावरची लोखंडी पेटी. ती उतरविण्यास दोघे पुतणे लागले, आणि झांकण उघडतांच सौ. म्हणाली, "एवढें भंगार तुम्हीं चाळीस वर्षें जपलेंत?"

भंगार नव्हे. मी हौशी रेडिओवाला. सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा, स्वतः जुळविलेल्या यंत्रावरून दूरदूरच्या अनोळखी माणसांशीं बोलावें, एवढेंच माझें व्यसन. या यंत्रांची एक खोड आहे. विजेचा जो भाग लहरी होऊन बाहेर जातो, जवळजवळ तेवढाच उष्णता होऊन आंतच राहतो. ती काढून दिली नाहीं तर ट्रान्झिस्टर जळतो. '२एन३०५५' या आमच्या जुन्या सोबत्याच्या माहितीपत्रकांत ११५ वॅट हा आंकडा छापलेला असतो. पण त्याचें धातूचें कवच २५ अंशांवर राखलें तरच तो खरा. पुण्याच्या चैत्रांत तें कोण राखणार? म्हणून आम्ही ॲल्युमिनियमचे पंखेदार ठोकळे, म्हणजे हीटसिंक, आणि त्यांवर वारा घालणारे छोटे पंखे जमवितों. माझे बहुतेक जुन्या बाजारांतले, कांहीं मोडक्या यंत्रांतून काढलेले. मोजले तेव्हां ठोकळे एकतीस व पंखे नऊ भरले.

भंगारवाला वजनावर भाव देण्यास तयार होता. पण खरें कारण निराळेंच होतें. गेलीं दोन वर्षें माझ्या उजव्या हातास कंप आहे. सोल्डरिंगचें टोंक जागीं टेकत नाहीं. हें मीं घरांत कोणासहि सांगितलें नव्हतें. पेटी वांटावयास काढणें म्हणजे तें सांगितल्यासारखेंच होतें, म्हणून मी दिवस ढकलीत होतों.

शिवाय देण्याची मला भीति वाटे. पंचवीस वर्षांपूर्वीं एका तरुणास मीं मोठ्या ऐटीनें एक हीटसिंक दिला, ट्रान्झिस्टरांसकट. या ट्रान्झिस्टरांच्या कवचांतूनच वीज वाहते. म्हणून कवच व ठोकळा यांमध्यें अभ्रकाची चकती घालतात. मी तो ठोकळा बॅकेलाइटच्या पायांवर बसवीत असें, सबब चकत्या घातल्या नव्हत्या. तें सांगावयाचें राहिलें. त्यानें ठोकळा सरळ लोखंडी पेटीस आवळला, आणि पहिल्याच दिवशीं त्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला. त्याच्या महिन्याच्या पगाराची ती वस्तु. तो मला कांहींच बोलला नाहीं. आठ वर्षांनीं दुसऱ्याकडून कळलें. मीं विचारलें, तर म्हणाला, "मोजून पाहावयास हवें होतें, काका. चूक माझी." त्यानें दोष दिला असता तर मला सोपें गेलें असतें.

या वेळीं मीं प्रत्येक नगास चिठ्ठी बांधली. अक्षर वांकडें, म्हणून सौ.नें लिहून दिलें. कंपाची गोष्ट तेव्हांच निघाली, व ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. चिठ्ठींत चकती आहे कीं नाहीं, पंख्यावांचून किती वॅट सोसतो, वारा कोणत्या दिशेनें हवा, सारें आलें. 'बोलण्यापुरता ठीक, एफटी८ला अपुरा' असेंहि कित्येकांवर लिहिलें. बोलतांना माणूस थांबतो. २०१७ पासून रूढ झालेल्या त्या संगणकी पद्धतींत यंत्र पंधरा सेकंदांच्या पाळींत सुमारें तेरा सेकंद अखंड तापतें. एक नग मात्र मीं कोणासहि दिला नाहीं. त्यावरील जुन्या ट्रान्झिस्टरांच्या बुडाशीं बेरिलियम ऑक्साइडची पांढरी चकती आहे. अखंड असतां ती निरुपद्रवी. फुटली वा घासली तर धूळ फुप्फुसांस घातक. घराघरांत लहान मुलें असतात.

रविवारीं सहा जण आले. धाकट्या पुतण्याचा किंमत घेण्याचा आग्रह होता. मीं अट घातली कीं वर्षभरांत जें लागणार नाहीं, तें पुढच्यास द्यावें, चिठ्ठीसकट. नुकताच परवाना मिळालेली एक कॉलेजांतील मुलगी सर्वांत शेवटीं आली. तिच्या वांट्यास आला तो माझ्या टेबलावरचा जुना पंखा, ज्याच्या खरखरीवरून सौ.नें मला उभा जन्म ऐकविलें.

आतां भाड्याच्या बिऱ्हाडीं गॅलरींत तार बांधली आहे. परवां सायंकाळीं चाळीस मीटरवर त्या मुलीचा आवाज लागला. ती हैदराबादच्या कोणाशीं बोलत होती, आणि तिच्या शब्दांमागें ती ओळखीची खरखर. चिठ्ठीवर तेवढें लिहावयाचें राहिलेंच होतें. स्वयंपाकघरांतून सौ. बाहेर आली, क्षणभर ऐकत उभी राहिली, आणि म्हणाली, "अहो, त्या पोरीला म्हणावें, आधीं पंख्याला तेल घाल."