सोंडेने वर, सोंडेनेच खाली

माउंट वॉशिंग्टनची उंची सांगितली की पुण्यातली आमची जुनी ट्रेकर मंडळी हसतात. १,९१७ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे फरक पावणेतीनशे मीटरच्या आसपास. आई तर फोनवर म्हणाली, "अगं, एवढ्याशा डोंगराला एवढी तयारी? कळसूबाईला नवरात्रात आम्ही साड्या नेसून चढलो होतो."

आईला वाऱ्याचे आकडे सांगितले. अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या या डोंगराच्या माथ्यावर १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेला. तो जागतिक विक्रम पुढे १९९६पर्यंत कुणी मोडला नाही. माथ्यावर वेधशाळा आहे आणि भर हिवाळ्यातही तिथे माणसं राहून नोंदी घेतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथलं तापमान उणे ४४ अंशांवर गेलं होतं. वारा धरून अंगाला जाणवणारी थंडी होती उणे ७८. झाडं साधारण १,४०० मीटरवर संपतात आणि त्यापुढे माथ्यापर्यंत आडोसा म्हणून काही नाही.

"मग जातेस कशाला?" आईचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही. कसं जायचं, हे मात्र मी सांगू शकते.

बोस्टनला राहायला आल्यावर पहिला हिवाळा मी वाऱ्यालाच घाबरत काढला. शून्याखालचे आकडे, हिमदंश, माकडटोपीच्या वर गॉगल, असा सगळा अभ्यास. हिमस्खलन म्हणजे एव्हरेस्ट-अन्नपूर्णेकडची गोष्ट, अशी समजूत होती. ती तीन दिवसांच्या प्राथमिक कोर्समध्ये गेली. वारा आपल्याला पाडतो ते दिसतं तरी. पण तो बर्फ उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतो, ते दिसत नाही. इथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो. माथ्याखालच्या उघड्या पठारांवरचा बर्फ तो खरवडून काढतो आणि पूर्वेकडच्या खोल दऱ्यांमध्ये, टकरमन आणि हंटिंग्टनमध्ये, आणून टाकतो. या वाहतुकीत हिमकणांच्या नाजूक पाकळ्या मोडतात आणि भुगा घट्ट बसून त्याची लादी तयार होते. लादी खालच्या थराला नीट चिकटलेली नसेल तर एका माणसाचं वजनसुद्धा तिला पुरतं. आकाशातून एका जागी पडतो त्याच्या कितीतरी पट बर्फ वारा त्या जागी साठवू शकतो. म्हणून खाली गावात चार बोटं बर्फ पडला असेल, तरी दरीच्या भिंतीवर कमरेइतका असू शकतो.

यातून सह्याद्रीत वाढलेल्या माणसाची एक सवय उलटीपालटी होते. आपल्याकडे कड्यात वाट शोधायची तर आधी नाळ बघायची. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट घ्या किंवा घाटावरून कोकणात उतरणाऱ्या कितीतरी वाटा. डोंगराने स्वतःच करून ठेवलेल्या जिन्याने आपण जातो. सोंडेवर ऊन, वारा, दृष्टिभय, नाळेत आडोसा. बर्फात नेमकी नाळ ही साठवणीची जागा आणि सुटल्यावर वाहण्याची वाटही तीच. भर पावसाळ्यात नळीच्या वाटेने दगड आणि पाणी कसं येतं हे ज्याने पाहिलंय, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. इथे तो पावसाळा हिवाळाभर चालतो आणि आभाळ निरभ्र असतानाही चालतो, एवढंच.

आम्ही चौघं होतो. मी, एक नाशिककर मित्र, ठाण्याची मैत्रीण आणि तिचा नवरा. नाशिककराला टकरमन दरीतली एक घळ चढायची होती. आइस अ‍ॅक्स आणि क्रॅम्पॉन घेऊन सरळ वर. फोटो बघितले तर कुणालाही मोह व्हावा अशी. उतार चाळीस अंशांच्या आसपास. हिमस्खलनं प्रामुख्याने तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात. त्याहून सपाट उतारावर लादी सहसा घसरत नाही आणि त्याहून उभ्यावर बर्फ साठायच्या आधीच गळून जातो. चढायला मजा येते तोच उतार नेमका मधला.

त्या आठवड्यात मंगळवारी रात्रीपासून बर्फ पडला, बुधवारी थांबला. गुरुवारी आणि शुक्रवारी वायव्येचा वारा सुटला. शनिवारचा अंदाज मात्र आकाश मोकळं, माथ्यावर उणे १७ अंश, वारा ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास आणि दुपारनंतर वाढणारा, ढग खाली येणारे. वारा धरून उणे ३३. या डोंगराच्या मानाने हा चांगला दिवस. रविवारी पुन्हा वादळ.

शुक्रवारी रात्री जेवणाच्या टेबलावर दोन अंदाज शेजारी शेजारी उघडले होते. वेधशाळेचा अंदाज सांगत होता, जा. वनखात्याच्या हिमस्खलन केंद्राचा सूर वेगळा होता. पूर्वेकडच्या उभ्या घळींमध्ये वाऱ्याने नव्या लाद्या रचल्या आहेत आणि माणसाच्या वजनाने त्या सुटण्याची शक्यता आहे, असं ते बजावत होतं. या केंद्राची धोक्याची पट्टी पाच पायऱ्यांची असते. शनिवारसाठी तिसरी पायरी होती, 'कन्सिडरेबल'.

"पाचापैकी तीन," नाशिककर म्हणाला. "म्हणजे मध्यमच की."

असं वाटणं साहजिक आहे, आणि म्हणूनच ही पायरी सगळ्यात फसवी. चार आणि पाचला लोक घरी बसतात. तिसरीला आकाश बहुधा निळं असतं, सुट्टी असते, गाडी भरलेली असते. हिमस्खलनात बळी जातात ते बरेचसे याच पायरीवर. आणि बहुतेक वेळा लादी सुटते ती त्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या पायाने.

दोन्ही अंदाज आपापल्या जागी बरोबर होते. एक सांगत होता शनिवारी मी माथ्यावर उभी राहू शकेन का. दुसरा सांगत होता, गेल्या तीन दिवसांत जे साठलं ते उतारावर पक्कं बसलंय का. वादळानंतरचा पहिला लख्ख दिवस पहिल्या प्रश्नाला हो म्हणतो आणि दुसऱ्याला नाही. आपल्याला कळतं फक्त आकाश. उताराच्या पोटात काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याबद्दलचा निर्णय डोंगरावर जाऊन घ्यायचा नाही. तो घरीच घ्यायचा.

घळ रद्द झाली. राहिली लायन हेडची सोंड, टकरमन आणि हंटिंग्टन या दोन दऱ्यांच्या मधली. तिथे वारा सरळ अंगावर येतो, पण डोक्यावर साठा नसतो. कागदावर लिहिलं ते थोडकंच. सकाळचं ताजं बुलेटिन वाचल्याशिवाय पिंकहॅम नॉचच्या पार्किंगमधून निघायचं नाही. जिथे असू तिथून दुपारी एक वाजता परत फिरायचं, माथा समोर दिसत असला तरी. झाडं संपल्यावर शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना झालं तर खाली. चौघांपैकी एकाने नाही म्हटलं तर सगळ्यांचं नाही, आणि कारण विचारायचं नाही. सर्वांत जास्त वेळ गेला तो उतरण्याच्या वाटेवर: माथ्यावरून होकायंत्राची दिशा, डावीकडे वळायची जागा, जीपीएसवर तिची खूण. कागदाची एक प्रत घरी माझ्या नवऱ्याकडे, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं यासकट.

सकाळी बुलेटिन बदललं नव्हतं. बर्फाखालच्या माणसाला शोधायचे ट्रान्सीव्हर चालू करून एकमेकांचे सिग्नल तपासले, प्रोब आणि फावडी सॅकमध्ये होतीच. सोंडेने जायचं तर ही कशाला, असं ठाणेकरणीच्या नवऱ्याने विचारलं. बर्फाखाली गेलेल्या माणसाला वाचवायला साधारण पंधरा मिनिटं हातात असतात आणि तेवढ्यात पोहोचणारे फक्त सोबतचेच असतात, हे त्याचं उत्तर. तरी ही साधनं झाल्यानंतरची. त्यांच्या भरवशावर उतार निवडायचा नसतो, विशेषतः इथे, जिथे खाली खडक आणि झाडं आहेत आणि माणूस गुदमरण्याआधी आपटूनच जाऊ शकतो.

वाट जंगलातून चढत होती. एका वळणाच्या कडेला हातभर उंचीचा, पूर्वेकडे तोंड असलेला बांध दिसला. घसरला तरी कुणाच्या अंगावर येणार नाही असा. मी फावड्याने त्याच्या दोन बाजू कापल्या आणि वरून बुटाने हलकेच दाबलं. वरचा वीतभर थर एका तुकड्यात सुटला, गुडघ्यापाशी येऊन थांबला. कापल्यासारखी सरळ कड. खालच्या थरावर हातमोजा फिरवला तर सैल, रवाळ दाणे ओघळले. ठाणेकरीण वाकून बराच वेळ बघत होती. नाशिककराने मान वर करून दरीच्या दिशेला पाहिलं आणि काही बोलला नाही.

हिवाळ्यातली लायन हेडची वाट उन्हाळ्यातल्या वाटेपेक्षा वेगळी आहे. उन्हाळी वाट हिमस्खलनाच्या उतारावरून आडवी जाते, म्हणून बर्फ पुरेसा साठला की दुसरी, उभी वाट खुली करतात. मुळं आणि बर्फ धरत तिथून वर यावं लागतं. याच परिसरात जानेवारी १९८२ मध्ये अल्बर्ट डाऊ नावाचा अठ्ठावीस वर्षांचा बचावपथकातला स्वयंसेवक हिमस्खलनात गेला. वादळात भरकटलेल्या दोन तरुण गिर्यारोहकांना शोधायला तो निघाला होता. ते दोघे पुढे जिवंत सापडले. त्यांतल्या सतरा वर्षांच्या ह्यू हरचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. आज तो एमआयटीत प्राध्यापक आहे आणि कृत्रिम पाय बनवतो. सोंड म्हटलं की सगळीकडे निर्धास्त, असं नाही. सोंडेवर पोहोचेपर्यंतचा प्रत्येक उतार वेगळा तपासावा लागतो.

झाडं संपली आणि वारा भेटला. १,५३४ मीटरवरच्या लायन हेडच्या खडकापाशी आम्ही चौघं पाठमोरे बसून पाणी प्यायलो. बाटल्या सॅकमध्ये उलट्या ठेवल्या होत्या. पाणी वरून गोठत जातं, त्यामुळे बूच मोकळं राहतं. बोलणं ऐकू येत होतं. पापण्यांवर कण जमत होते. साडेबाराच्या सुमाराला माथा आला. पाटीला हात लावला, चिक्कीचा एकेक तुकडा तोंडात टाकला आणि निघालो. तिथे रेंगाळण्यासारखं काही नव्हतं.

कागदाचं काम पडलं ते त्यानंतर. माथ्याच्या शंकूवरून उतरेपर्यंत ढग खाली आले. ज्या पायवाटेने आम्ही उतरत होतो, तिचं नावच टकरमन रव्हाइन ट्रेल. लायन हेडकडे डावीकडे वळायचं विसरलं आणि पाट्यांवरचं तेच नाव धरून सरळ गेलं, तर ती थेट दरीच्या उभ्या भिंतीच्या तोंडाशी नेते. उन्हाळ्यात ती सरळ चालत उतरण्याची वाट. त्या दिवशी तिच्यावर तीन दिवसांच्या वाऱ्याने रचलेलं सगळं होतं. वळणाची पाटी हिमकणांच्या जाड थराने पूर्ण बुजलेली. आणि ताजे ठसे, दोन-तीन माणसांचे, सरळ खाली गेलेले.

"ट्रॅक तयार आहे की," नाशिककर ओरडून म्हणाला. "आणि खाली वारा पण लागत नाहीये."

दोन्ही खरं होतं. वारा लागत नव्हता, कारण ती आडोशाची बाजू होती. आणि आडोशाची बाजू म्हणजेच बर्फ साठणारी बाजू. ठसे एवढंच सांगतात की कुणीतरी गेलं. उतार भक्कम आहे, असं ते सांगत नाहीत. लादी पहिल्या माणसाखाली टिकते आणि पाचव्याखाली सुटते, असंही होतं. पण हे सगळं त्या वाऱ्यात, गोठलेल्या ओठांनी कोण पटवून देणार? ठाणेकरणीने फक्त मान हलवली: नाही. मी जीपीएसवरची खूण बघितली, होकायंत्र धरलं आणि आम्ही डावीकडे वळलो. नाशिककर मागून पुटपुटत आला. तोंडावर वारा, सोंडेवरचे निसरडे खडक, क्रॅम्पॉनचा कर्र आवाज. झाडांत शिरेपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही.

आता त्याची घळ एप्रिलसाठी ठरवली आहे. तेव्हा थर मुरलेले असतात, आणि टकरमनमध्ये स्की घेऊन चढणाऱ्यांची रांग लागते. तरी वसंतात बर्फाचे तुकडे सुटून खाली येतात आणि दुपारच्या उन्हात वरचा बर्फ भिजून घसरतो, म्हणून निघायचं पहाटे आणि ऊन चढायच्या आत खाली यायचं. रात्री गोठलेलं असलं पाहिजे. आधीच्या दोन दिवसांत नवा बर्फ किंवा जोराचा वारा नको. बुलेटिन पहिल्या पायरीवर हवं. हा कागद या खेपेला त्यानेच केलाय. त्यात तारखेची जागा रिकामी आहे, अटी लिहून झाल्या आहेत.