नाचणाऱ्या काट्यास अनावृत पत्र

प्रिय काटेराव,

स. न. वि. वि.

तुमच्या वागण्याबद्दल जुन्या फियाटवाल्यांत फार वाईट बोललं जातं. गाडी चाळीसच्या वेगाने सरळ चाललेली असते आणि तुम्ही तीस ते साठ अशा येरझाऱ्या घालत असता. एखाद्या दिवशी तर शेवटच्या आकड्यापलीकडच्या खुंटीला जाऊन टेकता आणि सिग्नलला गाडी उभी राहिली तरी खाली उतरायचं नाव घेत नाही. यावरून लबाड, चक्रम, म्हातारचळ लागलेला अशी विशेषणं तुम्हाला मिळाली. गॅरेजमध्ये बॉनेटही न उघडता निकाल लागतो, ‘साहेब, मीटर गेला.’ मग डॅशबोर्ड उघडला जातो, तुमची काच उतरते आणि जिथे घड्याळजीनेसुद्धा श्वास रोखून हात घालावा तिथे स्क्रूड्रायव्हर शिरतो. हे पत्र त्या घाईच्या निकालाविरुद्ध आहे.

तुमची बाजू मांडायची तर आधी तुमची नोकरी काय ते सांगायला हवं, कारण आयुष्यभर तुमच्याकडे पाहूनही ती बहुतेकांना ठाऊक नसते. ऑटो शुल्त्से नावाच्या जर्मन माणसाने १९०२ साली पेटंट घेतलेली ही युक्ती आहे. गिअरबॉक्सच्या शेपटाशी एक छोटी गरारी फिरते. तिच्यात केबलचं चौकोनी टोक बसतं. काळ्या आऊटरच्या आत पिळाच्या तारेचा इनर फिरत फिरत डॅशबोर्डमागे येतो आणि तिथे एक लोहचुंबक फिरवतो. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते आणि तुम्ही त्या वाटीच्या दांडीवर बसलेले. गंमत ही, की चुंबक आणि वाटी एकमेकांना कुठेही शिवत नाहीत. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटतही नाही. स्वयंपाकघरातल्या पातेल्याला लावून कुणीही खात्री करावी. पण चुंबक फिरू लागला की वाटीच्या धातूत विजेचे भोवरे उठतात आणि ते वाटीला चुंबकामागे ओढत नेतात. केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचत असते. ओढ आणि खेच जिथे बरोबरीत येतात, तिथे तुम्ही थांबता. वेग वाढला की ओढ वाढते, कमी झाला की स्प्रिंग जिंकते. शंभरेक वर्षं जगभरच्या गाड्यांना वेग कळला तो या न शिवण्याच्या तत्त्वावर.

म्हणजे तुम्ही स्वतःहून काही ठरवत नाही. केबलने जी खबर आणली, तीच तुम्ही सांगता. खबर धडपडत आली तर तुम्ही धडपडत सांगता.

आणि तुमच्या बाजूने एक साक्षीदार तुमच्याच घरात राहतो. किलोमीटर मोजणारे आकडे त्याच केबलवर चालतात, पण त्यांना चुंबकाची भानगड नाही. दाताला दात लागून ते थेट फिरतात. म्हणून कुणी काही उघडण्यापूर्वी त्या आकड्यांकडे बघावं. आकडेही बंद आणि तुम्हीही बंद, तर केबल तुटली आहे किंवा गिअरबॉक्सची गरारी झिजली आहे. आकडे नीट चालतात आणि तुम्ही मात्र शून्यावर ढिम्म, तर दोष तुमच्या घरात आहे. आकडे चालतात आणि तुम्ही सावकाश गाडीत नाचता, वेग वाढला की शांत होता, तर दहांपैकी नऊ वेळा गुन्हेगार केबल असते. इतकं साधं आहे हे. तरीही लोक आधी तुम्हालाच का खोलतात, तर मला वाटतं, नाचताना तुम्ही दिसता आणि केबल दिसत नाही.

केबल काय करते तेही लोकांना कळू दे. आतलं ग्रीस सुकलं, कुठे बारीक मुरड पडली किंवा आऊटर अवघड कोनात वाकला, की इनर सलग फिरत नाही. खालून गरारी त्याला फिरवत राहते, वर तो अडून बसतो, मधल्या तारेला पीळ भरत जातो. पुरेसा पीळ भरला की तो एका झटक्यात सुटतो, चुंबक गरकन फिरतो आणि तुम्ही उसळता. मग पुन्हा अडणं, पुन्हा सुटणं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. या तारेचा पीळ मात्र क्षणाक्षणाला भरतो आणि जातो, हाच सगळा तमाशा. वेग वाढला की अडायला सवड उरत नाही, म्हणून साठच्या पुढे तुम्ही सभ्य गृहस्थासारखे वागता आणि मालकाला वाटतं, रोग आपोआप बरा झाला.

दुरुस्ती निम्मी केबलवरच होते आणि ती कुणालाही जमण्यासारखी आहे. मीटरमागची नट हाताने सैल करावी, इनर वरून ओढून काढावा. तुटला असेल तर खालचा तुकडा गिअरबॉक्सकडून काढावा लागतो आणि त्यासाठी गाडीखाली झोपण्याला पर्याय नाही. इनर रॉकेलने किंवा पेट्रोलने धुऊन, पुसून, टेबलाच्या काचेवर ठेवून तळहाताने लोळवावा. सरळ असेल तर शांत लोळतो. मुरड असेल तर टकटक उड्या मारतो आणि मग त्याला सरळ करायच्या फंदात पडू नये, नवा घालावा. तारेची एखादी लडही उसवलेली असेल तरी तेच. दोन्ही चौकोनी टोकांच्या कडा गोल झाल्या आहेत का तेही बघावं, कारण गोल झालेलं टोक खोबणीत घसरतं आणि वर बसलेल्या तुम्हाला शिव्या पडतात.

आता ग्रीस. इथे आपले लोक फार उदार आहेत. बोटाबोटाने थापतात. वास्तविक पातळसा लेप पुरे, आणि वरच्या टोकाची पंधरा-वीस सेंटिमीटर तार जवळजवळ कोरडीच ठेवायची असते. पिळाची तार म्हणजे लांबलचक स्क्रूच. ती फिरता फिरता ग्रीस वर चढवत नेते आणि थेट तुमच्या घरात सोडते. गिअरबॉक्सकडचं ऑईल सील गेलं असेल तर तिथलं तेलही त्याच वाटेने वर येतं. हा चिकटा चुंबक आणि वाटी यांच्यामधल्या मोकळ्या जागेत शिरला की न शिवण्याचं तत्त्व संपलं. वाटी चुंबकाला चिकटून फिरू पाहते आणि तुम्ही खुंटीवर जाऊन आदळता. मालक म्हणतो, कालच तर सर्व्हिसिंग केलं! कालच केलं, म्हणूनच.

केबल परत बसवताना तिची वाट बघावी. इंजिनाच्या भिंतीतून आत येताना आणि मीटरमागे वळताना तिला ऐसपैस वळण हवं. साधारण पंधरा सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा आखूड वळण दिलं की नवी केबलही नाचते. कुणीतरी म्युझिक सिस्टीम बसवताना केबल कोपऱ्यात रेटून दिलेली असते आणि दोष मात्र तुमच्या वयाला लागतो.

तुमचा स्वतःचा दोष कधीच नसतो असं मी म्हणणार नाही. थंडीच्या सकाळी डॅशबोर्डमागून चिमणीसारखी किरकिर ऐकू आली तर चुंबकाच्या दांडीचं बेअरिंग कोरडं पडलेलं असतं. त्याला घड्याळाच्या तेलाचा एक थेंब लागतो. स्प्रेची नळी आत घालून फवारा मारणाऱ्यांना मात्र गाडीला हात लावू देऊ नये. चुंबक वयाने मंदावतो, स्प्रिंग थकते, आणि ते काम जाणकार मीटरवाल्याचं. तुम्हाला दांडीवरून उपसायची वेळ आलीच तर आधी अलगद उचलून शून्याकडच्या खुंटीच्या खाली सोडावं, स्प्रिंग पूर्ण मोकळी असताना तुम्ही कुठे विसावता तिथे खूण करावी आणि मगच काढावं. ही खूण न केलेले किती मीटर पुढे जन्मभर दहाने चुकत राहिले असतील!

खरेपणा तपासायला प्रयोगशाळा नको. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यासारख्या किलोमीटरचे दगड असलेल्या मोकळ्या रस्त्यावर साठचा वेग स्थिर धरावा, शेजारच्याने घड्याळ बघावं. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत ६० सेकंद लागले की तुम्ही सज्जन. सेकंद चुकले पण अंतराचे आकडे दगडांशी जुळले, तर गडबड चुंबक-स्प्रिंगची. दोन्ही एकाच प्रमाणात चुकले, तर टायर बघावेत. मूळ मापाऐवजी दुसऱ्या उंचीचे रेडियल घातले की चाकाचा घेर बदलतो आणि तुमचा संपूर्ण हिशेब बिघडतो. थोडं जास्त सांगणं हा मात्र तुमच्या जातीचा गुन्हा नाही. युरोपातल्या नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवू नये, जास्त दाखवायला मात्र दहा टक्के आणि वर ताशी ४ किलोमीटर इतकी मुभा आहे.

आपल्याकडे तुम्ही बंद पडल्याचं कुणाला फारसं दुःख नव्हतं, हेही खरं. चेतक स्कूटरच्या पुढच्या चाकातून येणारी केबल एकदा तुटली की कित्येक घरांत ती पुन्हा बसलीच नाही. वेग कानाने कळतो म्हणायचे. फियाटचंही तेच. आता गाड्या हौसेच्या झाल्या तशी तुमची किंमत वाढली, आणि त्याबरोबर नवं संकटही आलं: तुमची डायल तेवढी ठेवायची, आतला चुंबक-वाटीचा संसार काढून टाकायचा आणि उपग्रहावर चालणारी मोटर बसवायची. काटा छान स्थिर राहतो, नाही कोण म्हणतो? पण बोगद्यात शिरलं की तो काटा आकाशाकडे बघत बसतो, आणि शंभर-दोनशे रुपयांच्या केबलचा रोग बरा करायला सबंध मीटर बळी दिलेला असतो. मला हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटतो.

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आता पद्मिनी, म्हणजे आपल्या फियाट, बाहेर पडत नाहीत. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा भरून निवृत्त झाली. टॅक्स्या होत्या तोवर केबल गल्लोगल्ली मिळायची, कारण खप होता. आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत दुकानामागून दुकान विचारत फिरावं लागतं. उघडून न बिघडवलेला तुमच्यासारखा मीटर मिळणं तर त्याहून अवघड. म्हणून पद्मिनीवाल्यांना या पत्राच्या निमित्ताने जाहीर विनंती: काटा नाचला तर आधी केबल काढा. ती निर्दोष ठरली तरच काचेला हात लावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक फियाटवाला

ता. क. नवी केबल आणायला जाताना जुनी सोबत न्यावी. लांबी, दोन्हीकडच्या नटा आणि चौकोनी टोकांचं माप दुकानातच जुळवून घ्यावं. ‘सगळ्यांना बसते’ म्हणून दिलेली केबल घेऊ नये.